फळ्यावरची सूचना: दवंडीपासून फोनवरच्या ठकापर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्यांना सोसायटीच्या फळ्याशी काय देणंघेणं? प्रश्न रास्त आहे. उत्तर व्याख्यानातूनच मिळावं अशी आमची इच्छा आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या इमारतीच्या जिन्यापाशी, लिफ्टच्या शेजारी एक फळा असतो. काच लावलेला, नाहीतर नुसता. त्यावर आज कोणत्या चिठ्ठ्या असतात बघा. एक असते, 'घरगुती उकडीचे मोदक, पुरणपोळी, ऑर्डरप्रमाणे करून मिळेल. बी विंग, तिसरा मजला.' तिच्या शेजारी दुसरी असते, 'सावधान! ओटीपी कोणालाही सांगू नका. अनोळखी लिंक उघडू नका.' एक म्हणते माझ्यावर विश्वास ठेवा, दुसरी म्हणते कोणावर विश्वास ठेवू नका. दोन्ही एकाच टाचणीच्या डबीतून निघालेल्या. या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी कशा आल्या, याचा इतिहास आज आपण पाहणार आहोत. तो इतिहास विश्वासाचा आहे, आणि त्यात आपल्यातल्या बऱ्याच जणांची आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली आहे.

आधी एक छोटीशी तात्त्विक खुंटी ठोकून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं तिला अडकवता येईल. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. बौद्ध आणि वैशेषिक हे शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, नैयायिक मानतात. पण त्यांची अट आहे, सांगणारा 'आप्त' हवा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारे वात्स्यायन सांगतात, की ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे ते असंही म्हणतात, की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्तपणा जातीवर नाही, पदावर नाही, गणवेशावरही नाही. दोनच गोष्टी पाहायच्या: याला माहीत आहे का, आणि याला खरं सांगायचंय का.

आता इतिहासाकडे वळू. सूचनेचं आपल्याकडचं जुनं रूप म्हणजे दवंडी. डफ वाजायचा, माणसं दारात यायची, आणि पाटलाचा किंवा सरकारचा हुकूम गावभर व्हायचा. दवंडीत एक मोठी सोय होती. तीच गोष्ट सगळ्यांना एकाच वेळी कळायची, आणि सगळ्यांना कळली आहे हेही सगळ्यांना कळायचं. पण ती देणारा कोण? हे काम महार वतनातल्या कामांपैकी एक म्हणून एका समाजावर लादलेलं होतं. ज्याच्या आवाजावर गाव उठायचं, त्याला गावच्या चावडीत बरोबरीने बसता येत नव्हतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. तेव्हा सूचनेचा इतिहास सांगताना तिच्यातलं कोण बोलतं आणि कोणाला बोलण्याचा अधिकार आहे, हे विसरून चालत नाही.

शहरात छापील सूचना आली, आणि तिची पहिली मोठी परीक्षा झाली प्लेगच्या साथीत. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. १८९७ च्या सुरुवातीला साथीच्या रोगांचा कायदा झाला. तपासणी, विलगीकरण, घरं धुऊन काढणं यांबद्दल सरकारी हुकूम निघू लागले. लोकांनी ते मानले का? नाही. उलट अफवा पसरल्या, की इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात तर गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो प्रसंग आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

आता आपली खुंटी वापरून पाहा. सरकारकडे काही ज्ञान होतं, हे मान्य. पण 'याला आपलं भलं करायचंय' हे लोकांना पटलं नाही. दोन अटींपैकी एकच पुरी झाली, आणि शब्द प्रमाण ठरला नाही. त्याच साथीत मुंबईत वाल्डेमार हाफकीन नावाचा शास्त्रज्ञ लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. परदेशी माणूस, आपली भाषा न बोलणारा. पण जे इतरांना घ्या म्हणायचं, ते आधी आपण घ्यायचं, हे त्याने केलं. वात्स्यायनांनी म्लेच्छालाही आप्त का म्हटलं असेल, ते इथे समजतं.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खाजगी चाळी तर आधीपासून होत्याच. चाळ म्हणजे लांब गॅलरी, सामायिक नळ, आणि कोपऱ्यावर खडूने लिहायचा काळा फळा. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. अशा उत्सवांनी चाळीच्या फळ्याला एक नवं काम दिलं: वर्गणी किती जमली, मंडप किती रुपयांचा, प्रसादाला किती गेले, शिल्लक किती. जमाखर्च सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चूक असेल तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी खडूने प्रश्नचिन्ह काढून जायचं! पाणी उद्या येणार नाही, अमक्यांच्या घरी दुःखद घटना, तमक्यांचा मुलगा मॅट्रिक पास. या सूचना कोणी लिहिल्या ते सहीवरून कळायचंच, पण अक्षरावरूनही कळायचं.

या चाळीतच घरगुती विक्री वाढली. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेले पुरुष एकटे राहायचे, त्यांना जेवण लागायचं. खानावळवाल्या बायकांनी ते घातलं. त्यांची जाहिरात कुठे छापली जात नव्हती. तोंडोतोंडी चालायची. भाकरी कच्ची निघाली, तर दुसऱ्या पाळीला सगळ्या खात्याला कळायचं. महिनाभर उधारीवर जेवायचं आणि पगाराला पैसे द्यायचे, म्हणजे विश्वास दोन्ही बाजूंनी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, तर तारण काय ठेवणार? तारण म्हणून बायकांनी एकमेकींचा शब्द दिला. गटातली एक दुसरीला जामीन. आप्तवाक्यावर बँकेने कर्ज दिलं, असं आम्ही गमतीने म्हणतो, पण ती नुसती गंमत नाही.

त्याआधीचं उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या, ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार केली. हेच पुढचं लिज्जत. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी युक्ती काढली: खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा. लक्षात घ्या, मोठा उद्योग झाल्यावरही पापड लाटायचं काम घरातच राहिलं. पीठ केंद्रावरून न्यायचं, पापड लाटून आणून द्यायचे. घर हीच विक्रीची हमी.

मग चाळीच्या जागी सोसायट्या आल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. आता फळा कायदेशीर झाला. सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यायची, फळ्यावर लावायची, असे नियम उपविधींत आले. भाषा बदलली. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात होऊ लागली. फाटकावर आणखी एक पाटी लागली, 'विक्रेते व फेरीवाल्यांस मनाई आहे'. ही पाटी आम्हाला नेहमी विचार करायला लावते. डोक्यावर टोपली घेऊन येणारी भाजीवाली, जिचा चेहरा वीस वर्षं पाठ आहे, तिला फाटकावर अडवायचं, वहीत नाव लिहायला लावायचं. संशय कोणावर घ्यायचा, हे आपण पुष्कळदा माणसाच्या कपड्यांवरून ठरवत आलो आहोत. याची किंमत पुढे मोजावी लागली, ती कशी ते सांगतो.

आता टेलिफोन. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झालं १८८२ मध्ये. पण शंभर वर्षांनंतरही मध्यमवर्गीय घरात फोन मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. तेव्हाच्या लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डं काढून पाहा. नंबरापुढे कंसात 'पी.पी.' असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, 'अहो, तुमचा फोन!' आपण धावत जायचो, त्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून बोलायचो, आणि बोलणं संपलं की काकू विचारायच्या, 'काय हो, सगळं बरं आहे ना?' खाजगीपणा नव्हता, हे खरं. कित्येकांना त्याचा जाच झाला, विशेषतः तरुण मुलींना. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एक विचार करून पाहा. त्या फोनवर कोणी सांगितलं असतं, की तुमच्या नावाने अटकेचं वॉरंट आहे आणि कोणाला काही बोलू नका, तर ते चाललं असतं का? काकू शेजारीच उभ्या!

३१ जुलै १९९५ ला आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल झाला. हळूहळू फोन दिवाणखान्यातून खिशात आला, उशाशी आला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि त्याच फोनमध्ये बँकही आली. बोलणं आणि पैसा, दोन्ही एकाच काचेमागे, आणि शेजारी कोणी नाही.

२०२० च्या टाळेबंदीत फळाही फोनमध्ये गेला. इमारतींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आधीही होते, पण त्या महिन्यांत ते खरोखर कामाला आले. कोणाकडे ऑक्सिमीटर आहे, कोण डबा देईल, भाजीचा टेम्पो कधी येणार. नोकऱ्या गेलेल्या घरांतून केक, मसाले, मास्क, लोणची विकली जाऊ लागली. घरगुती विक्रीने पुन्हा जोर धरला. 'जाहिराती फक्त रविवारी' असे नियम झाले, त्यावरून भांडणंही झाली. आणि याच ग्रुपांवर दुसरी चिठ्ठी येऊ लागली, 'सावधान!' वाली.

या दोन चिठ्ठ्या एकमेकींना कुठे भेटतात, ते पाहण्यासारखं आहे. घरून फराळ विकणाऱ्या बाईंना आपला नंबर जाहीर करावाच लागतो. त्या नंबरावर फोन येतो. 'मी लष्करात अधिकारी आहे, युनिटसाठी पन्नास किलो चिवडा पाहिजे. पैसे आगाऊ पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका.' ओळखपत्राचा फोटोही येतो, गणवेशातला. बाई पिन टाकतात आणि पैसे येण्याऐवजी जातात. नियम साधा आहे: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. पण इतक्या मोठ्या ऑर्डरच्या आनंदात तो आठवत नाही. इथे ठकाने काय वापरलं? गणवेश. फाटकावर टोपलीवालीला अडवायची आणि कडक इस्त्रीला सलाम करायची जी सवय आपण लावून घेतली, तीच त्याने वापरली.

दुसरा प्रकार त्याहून क्रूर आहे, 'डिजिटल अटक'. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरला. मग व्हिडिओ कॉल, समोर पोलिसाच्या वेशातला माणूस, मागे कार्यालयासारखा देखावा. तासन्‌तास, कधी कधी दिवसेंदिवस, कॅमेऱ्यासमोरून हलू द्यायचं नाही. आपल्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत आणि 'तपासणीसाठी' पैसे मागत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं. तरीही शिकलेली माणसं, निवृत्त अधिकारी, डॉक्टर यात सापडतात. लोक विचारतात, एवढी हुशार माणसं फसतात कशी?

आमचं म्हणणं असं, की प्रश्न हुशारीचा नाहीच. या सगळ्या प्रकारांत एक वाक्य न चुकता येतं: 'हे कोणालाही सांगू नका.' मुलाला नको, बायकोला नको, शेजाऱ्याला नको. सगळा डाव या एका वाक्यावर उभा आहे. नैयायिकांचे दोन्ही प्रश्न, याला माहीत आहे का आणि याला खरं सांगायचंय का, हे एकट्याने खोलीत बसून, घाबरलेल्या मनाने सोडवता येत नाहीत. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. 'अहो, हे बघा जरा, काय म्हणतायत ते,' एवढं म्हणण्याइतका जवळचा. दवंडी, फळा, पी.पी. नंबर या सगळ्यांत जे समान होतं, ते म्हणजे एकाला कळलं ते दुसऱ्याला कळायचं. ठकाला नेमकं तेच तोडायचं असतं.

यातून आपल्या फळ्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी निघतात. 'कोणावरही विश्वास ठेवू नका' ही सूचना आम्हाला निरुपयोगी वाटते. एक तर ती पाळणं शक्य नाही, कारण विश्वासाशिवाय दूधसुद्धा मिळत नाही. दुसरं असं, की ती एकट्या माणसाला आणखी एकटं करते, आणि ठकाला तेच हवं असतं. त्याऐवजी लिहा: 'पैसे, पोलीस किंवा बँक यांबद्दल घाबरवणारा फोन आला, तर फोन ठेवा आणि आधी शेजाऱ्याला सांगा.' खाली दोन सभासदांची नावं आणि मजला लिहा, ज्यांचं दार रात्री अकरालाही वाजवलं तरी चालेल. मोदकवाल्या बाईंच्या चिठ्ठीवर पत्ता असतो, मग सावधगिरीच्या चिठ्ठीवर का नसावा? सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १९३० मोठ्या अक्षरांत लिहा. पैसे गेले असतील तर पहिल्या काही तासांतच फोन करा असंही लिहा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ती रोखता येण्याची शक्यता जास्त असते.

आणि सर्वांत शेवटी एक ओळ लिहा, जी आम्ही अजून कोणत्याही फळ्यावर पाहिलेली नाही: 'फसवणूक झाली असल्यास सांगायला लाजू नका, तुम्हाला कोणी हसणार नाही.' मग ते पाळा. कारण बरेच जण तक्रार करत नाहीत ते पैशांपेक्षा लाजेपायी. मुलं म्हणतील, बाबांना कळत नाही, त्यांच्याकडून फोन काढून घ्या. ग्रुपवर हसण्याची चित्रं येतील. आयुष्यभर ज्यांचा शब्द घरात प्रमाण मानला, त्यांचा शब्द एका फोनने खोटा ठरतो. आमच्या वयाच्या माणसांना हे नुकसान पैशांपेक्षा जड जातं. प्लेगच्या काळात लोकांनी आजारी माणसं माळ्यावर लपवली, ती रोगापेक्षा सोजिरांच्या भीतीने. लपवल्यामुळे साथ वाढली. आज आपण आपली फसवणूक लपवतो, आणि तोच ठक पुढच्या मजल्यावर फोन लावतो.

तेव्हा या आठवड्यात एक काम करू या. आपापल्या इमारतीचा फळा वाचू, जुन्या चिठ्ठ्या काढू, आणि ही नवी सूचना आपल्या हाताने, आपल्या अक्षरात लिहून, खाली सही करून लावू. छापील नको. शेजाऱ्यांना अक्षर ओळखू येऊ दे.

वेळ झाली आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्या आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.